शिक्क्यावर नाव कुणाचं? जर्सीच्या लोगोपासून राजमुद्रेपर्यंत

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनी हा भाग ऐकलाच असेल. ज्यांना बसमध्ये, ऑफिसमध्ये किंवा आईसमोर बसून ऐकता येत नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलेलं रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात एका भांडणापासून करतो.

आमचा जयसिंगपूरचा एक ग्रुप आहे. शाळेतली पोरं. अर्धी पुण्यात, दोन बंगळुरात, बाकीची गावात. दर मे महिन्यात सगळे गावी जमतो आणि बॉक्स क्रिकेट खेळतो. यंदा ठरलं की जर्सी करायच्या, छातीवर गावाचा लोगो पाहिजे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे "तुला येतं की सगळं कॉम्प्युटरचं" म्हणत काम माझ्या गळ्यात पडलं. मी बॅकएंडचं काम करतो, डिझाइनशी माझा संबंध नाही, हे आमच्या ग्रुपला गेली सात वर्षं समजावतोय.

असो. मी दहा मिनिटांत एक लोगो केला. ढाल, ढालीच्या दोन बाजूंना दोन सिंह, वर मुकुट, खाली फीत आणि फितीवर गावाचं नाव. ग्रुपवर टाकला. पहिला मेसेज आला, "नाद खुळा!" दुसरा आला, "भावा, सिंह कुठनं आले आपल्यात? आपल्याकडं बिबट्या आला तर पेपरात बातमी येती."

मग सुरू झालं. एक म्हणाला, राजमुद्रा टाक, विषय संपला. दुसरा म्हणाला, राजमुद्रा घामाच्या टी-शर्टवर? मॅच झाल्यावर ती जर्सी कुठं पडलेली असते ते बघितलंयस का? तिसरा म्हणाला, अशोकस्तंभ टाका. चौथ्याने त्याला सांगितलं की ते कायद्याने चालत नाही. हे खरं आहे, मी नंतर बघितलं. राष्ट्रीय बोधचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडीच्या नंबरप्लेटशेजारी हौसेने चार सिंह चिकटवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि पाचव्याने जे लिहिलं त्याने ग्रुप गप्प झाला. तो म्हणाला, "काय पण टाका, पण माझ्या आज्ज्याला पण ते आपलं वाटलं पाहिजे. आम्ही काय इथले मूळचे नव्हं."

आता गंमत अशी, की जयसिंगपुरात मूळचं कुणीच नाही. ते पुढे सांगतो. पण त्या वाक्यामुळे मी दोन आठवडे लोगो सोडून भलतंच वाचत बसलो. गावाची, राज्याची, राजाची निशाणी नेमकी कशी ठरते, आणि ती बघून "हे आपलं" असं कुणाला वाटतं आणि कुणाला नाही?

आधी त्या ढाल-सिंहाचा निकाल लावू. ही पद्धत युरोपातली, साधारण बाराव्या शतकातली. लढाईत सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. तोंड झाकलेलं. समोरचा आपला की परका हे कळायला मार्ग नाही. म्हणून ढालीवर चित्र रंगवायचं. पुढे ते चित्र बापाकडून मुलाकडे जायला लागलं, घराण्याचं झालं, मग शहरांनी, विद्यापीठांनी, व्यापाऱ्यांच्या संघांनीही आपापली चिन्हं घेतली. कुणाची ढाल कुठली हे तोंडपाठ असणारी माणसं असायची, आपल्याकडच्या भालदार-चोपदारांसारखी, मैदानात ललकारी देणारी. इंग्लंडमध्ये तर या कामाचं कार्यालय १४८४ पासून आहे आणि आजही चालू आहे. म्हणजे चिन्हांचं आरटीओ समजा.

एक नियम मला फार आवडला. सोनेरी आणि रुपेरी हे दोन 'धातू', बाकी लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. का? लांबून दिसलं पाहिजे म्हणून. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं टाकणाऱ्या आमच्या एका वेबसाइटच्या डिझाइनरला हे आठशे वर्षांपूर्वीचं ज्ञान पाठवावंसं वाटलं.

फुटबॉल बघणाऱ्यांनी हे रोज बघितलंय. चेल्सीचा सिंह तिथल्या कॅडोगन सरदार घराण्याच्या चिन्हातला. मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांच्या लोगोत जहाज आहे, ते आलं मँचेस्टर शहराच्या चिन्हातून. मँचेस्टरला समुद्र नाही! शहराला ते चिन्ह मिळालं १८४२ मध्ये आणि मोठी जहाजं थेट शहरापर्यंत आणणारा कालवा उघडला १८९४ मध्ये. म्हणजे जहाज आधी आलं, पाणी पन्नास वर्षांनी. ते जहाज व्यापाराचं होतं, सुताचं-कापडाचं होतं. त्याच चिन्हाच्या डोक्यावर पृथ्वीचा गोल आहे आणि त्यावर मधमाश्या बसल्यात. कामकरी माश्या. गिरणीत राबणाऱ्या लोकांचं शहर, म्हणून माशी. हे वाचलं आणि माझे दोन सिंह मला एकदम फुकटे वाटायला लागले.

बरं, ही ढाल आपल्याकडे आली कशी? काही युरोपीय आपल्यासोबत घेऊनच आले. गोव्याचं उदाहरण घ्या. अल्बुकर्कने गोवा जिंकलं तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरीनचा सण. या संत बाईला चाकावर घालून मारायचा प्रयत्न झाला अशी कथा, म्हणून चाक ही तिची खूण. ते चाक पोर्तुगीज गोव्याच्या चिन्हात जाऊन बसलं. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्याच नावाचं आहे. आपण चाक बघितलं की अशोकचक्र आठवतो, आणि त्यांच्या चिन्हातलं चाक मुळात छळाचं हत्यार. आकार सारखा, अर्थ पार वेगळा.

आपल्या संस्थानिकांना मात्र ढाली वाटल्या गेल्या. अक्षरशः वाटल्या. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटनने मोठा दरबार भरवला, व्हिक्टोरिया राणी आता हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली हे जाहीर करायला. तिथे आलेल्या राजांना युरोपियन थाटाचे, भरतकाम केलेले रेशमी ध्वज भेट दिले. प्रत्येकावर त्या त्या घराण्याचं चिन्ह. ही चिन्हं तयार केली बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या एका अधिकाऱ्याने. दरबाराच्या सजावटीत आणि ध्वजांच्या कामात लॉकवुड किपलिंग यांचाही हात होता. 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील, आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायचे ते. ध्वज इतके जड होते की धरणाऱ्यांना ते सांभाळताना घाम फुटला.

म्हणजे बघा, कित्येक घराणी शतकानुशतकं राज्य करतायत, त्यांची स्वतःची निशाणं आहेत, शिक्के आहेत. आणि एक अधिकारी टेबलावर बसून त्यांना युरोपियन टेम्प्लेटमध्ये बसवतोय. फॉर्म भरल्यासारखं. ढाल, आधाराला प्राणी, खाली ब्रीदवाक्य. टेलरने अभ्यास केला नाही असं नाही, घराण्यांच्या दंतकथा, इतिहास त्याने चिन्हांत आणले. पण टेम्प्लेट त्याचं.

गंमत म्हणजे काही ठिकाणी ते टेम्प्लेट आजही आहे. आमच्याकडून तासाभरात कर्नाटकाची हद्द लागते. तिथल्या सरकारी पाटीवर बघा, लाल ढालीवर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी, दोन्ही बाजूंना हत्तीची सोंड असलेले सिंह, वर अशोकस्तंभ. म्हैसूरच्या वोडेयारांचं चिन्ह, थोडा बदल करून राज्याने घेतलं.

मुंबईने काय केलं? महापालिकेची ती सीएसएमटीसमोरची इमारत तुम्ही बघितली असेल. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधली, ज्याने समोरचं टर्मिनसही बांधलं. १८८४ मध्ये पायाभरणी, १८९३ मध्ये पूर्ण. मुंबईच्या जुन्या चिन्हावरचं ब्रीदवाक्य होतं लॅटिनमध्ये, 'उर्ब्स प्रिमा इन इंडिस'. भारतातलं पहिलं शहर. ज्या शहरात पन्नास भाषा ऐकू येतात तिथे ब्रीदवाक्य मात्र अशा भाषेत, जी भाषा घरी बोलणारा एकही माणूस त्या शहरात नव्हता. स्वातंत्र्यानंतर ते बदललं आणि महाभारतातलं संस्कृत वाक्य आलं, जिथे धर्म तिथे जय अशा अर्थाचं. रांगेत पहिला नंबर सांगणारं वाक्य गेलं आणि वागण्याची अट घालणारं आलं. पाणीपट्टी भरायला गेल्यावर तो जय कुणाचा होतो हा वेगळा विषय.

समोरच्या टर्मिनसच्या फाटकावर दोन खांब आहेत, एकावर सिंह, एकावर वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे भारत. पुढच्या वेळी गर्दीतून धक्के खाताना एक सेकंद वर बघा.

आता इथे एक गैरसमज होऊ शकतो, की चिन्हबिन्ह हे सगळं साहेबानेच आणलं. अजिबात नाही. आमच्या शिरोळ तालुक्यातच खिद्रापूर आहे, कृष्णेकाठचं कोपेश्वराचं मंदिर. गोल उघड्या छताचा स्वर्गमंडप, अठ्ठेचाळीस खांब, इन्स्टाग्रामवर सगळ्यांनी टाकलेला. तो ज्या शिलाहार राजांच्या काळातला, त्यांचं निशाण होतं सोन्याचा गरुड. आणि त्यामागे काय कथा आहे! जीमूतवाहन नावाचा विद्याधर, शिलाहार स्वतःला त्याचे वंशज म्हणवायचे. गरुडाला रोज एक नाग खायला द्यायचा असा करार असतो. एके दिवशी एका नागाची पाळी येते, त्याची आई रडत असते, तर जीमूतवाहन त्याच्या जागी स्वतः शिळेवर जाऊन झोपतो. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार, अशी व्युत्पत्ती सांगतात. भाषाशास्त्रात ती टिकेल का ते सोडा. पण निशाण कुणाचं घेतलंय बघा. आपल्या पूर्वजाला चोच मारणाऱ्याचं. मी असतो तर नाग घेतला असता.

मग येते ती राजमुद्रा. हिच्यावर जरा थांबू, कारण आपण सगळ्यांनी ती हजारदा बघितलीय आणि फार कमी जणांनी वाचलीय. बुलेटच्या टाकीवर, गाडीच्या मागच्या काचेवर, दंडावर गोंदलेली. अष्टकोन आणि आत देवनागरी अक्षरं.

शिवाजी महाराजांचा हा शिक्का संस्कृतमध्ये आहे. हे आज साधं वाटतं. त्या काळात नव्हतं. आदिलशाही-निजामशाहीत चाकरी करणाऱ्या मराठा सरदारांचे शिक्के फारसीत असायचे, खुद्द शहाजीराजांचासुद्धा. शिक्का हा काही सजावटीचा प्रकार नव्हता, ते कामाचं साधन होतं. पत्र खरं की खोटं हे त्यावरून ठरायचं. म्हणजे आजच्या भाषेत डिजिटल सिग्नेचर. आणि त्या सिग्नेचरची भाषाच बदलून टाकली.

मजकुराचा अर्थ असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदन केलेली, शहाजीचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. आता प्रतिपदेची कोर कधी बघायचा प्रयत्न केलाय? जवळपास दिसतच नाही. अमावस्येच्या दुसऱ्या संध्याकाळी, सूर्य बुडता बुडता, केसाएवढी रेघ, तीही नशीब असेल तर. बहुतेकांना दिसते ती बीजेची कोर. म्हणजे शिक्का करणाऱ्याने पौर्णिमा घेतली नाही, तळपता सूर्य घेतला नाही, जी अजून नीट दिसतही नाही ती रेघ घेतली आणि म्हणाला, ही वाढणार आहे. त्या काळच्या बिरुदांची यादी वाचून या, आपण आधीच जगाचे मालक आहोत असं सांगण्याची चढाओढ असते. इथे व्हर्जन झिरो पॉइंट वन असं प्रामाणिकपणे लिहिलंय.

ही मुद्रा असलेलं सुरुवातीचं पत्र म्हणून जे नेहमी दाखवतात ते २८ जानेवारी १६४६ चं आहे, रांझ्याच्या पाटलाचं. पाटलाने एका बाईशी बदअंमल केला, चौकशी झाली, गुन्हा खरा ठरला, त्याचे हातपाय तोडायची शिक्षा झाली आणि पाटीलकी काढून घेतली. शिक्षा आजच्या मनाला कठोर वाटेल. पण 'भद्राय', म्हणजे भल्यासाठी, हा शब्द ज्या शिक्क्यावर आहे तो शिक्का कुठल्या कागदावर उमटला ते बघा. गावातल्या सगळ्यात ताकदवान माणसाविरुद्धच्या निकालावर. महाराज तेव्हा सोळा वर्षांचेही नव्हते.

आणखी एक तपशील, जो वाचून मी खुर्चीतून उठलोच. शिक्के दोन असायचे. मोठी मुद्रा पत्राच्या वर. आणि मजकूर संपला की अगदी खाली एक छोटी 'मर्यादा' मुद्रा. तिचा अर्थ, इथे हद्द संपली. का? कारण मधल्या मोकळ्या जागेत कुणी चार ओळी घुसवू नयेत. हेडर आणि एंड ऑफ फाइल! आमच्याकडे ज्युनियर पोरांना हे शिकवायला आठवडा जातो.

बरं, आता मुद्रेत नावं कुणाची आहेत ते परत बघा. शहाजीचा मुलगा. शिवाजी. बापाचं नाव आधी, मग स्वतःचं. संभाजी महाराजांच्या मुद्रेतही बापाचं नाव आहेच, शिवाजीपासून जन्मलेला शंभू. पुढे पेशव्यांच्या शिक्क्यात आधी राजा शाहूचं नाव, मग पेशव्याचं, आणि शेवटी 'मुख्य प्रधान' हे पद. बाजीराव कितीही मोठा झाला तरी शिक्क्यावर त्याचं नाव धन्याच्या नावाखाली. म्हणजे शिक्का वाचला की माणूस कुणाचा, कुणाच्या हाताखालचा, हे कळतं. आपल्या नाव-वडिलांचं नाव-आडनाव या फॉर्मसारखंच. मुद्रा हा एक प्रकारे वंशाचा दाखला आहे.

इथे १९६० चा किस्सा येतो, आणि माझ्या मते या सगळ्या भागातला सगळ्यात हुशार निर्णय कुठला असेल तर हा. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. राज्याला बोधचिन्ह पाहिजे. कर्नाटकासारखं एखाद्या संस्थानचं घेता आलं असतं, कोल्हापूर होतं, सातारा, सांगली, औंध, किती होती. पण ढाल घेतली नाही. मधोमध समई घेतली, भोवती कमळाच्या पाकळ्या. घराघरांत असणारी वस्तू. आणि कडेने शिवाजी महाराजांच्याच मुद्रेचा श्लोक. पण एक अडचण होती. त्यात लिहिलंय शहाजीचा मुलगा शिवाजी. लोकशाही राज्य कुणाचा मुलगा?

मग काय केलं? 'शाहसूनोः शिवस्यैषा' हे शब्द काढले आणि तिथे 'महाराष्ट्रस्य राज्यस्य' घातले. बाकी सगळं तसंच. आता बोटांवर अक्षरं मोजा. शा-ह-सू-नोः-शि-व-स्यै-षा. आठ. म-हा-रा-ष्ट्र-स्य-रा-ज्य-स्य. आठ! वृत्त मोडलं नाही, चाल तीच राहिली. व्हेरिएबल बदलला, लांबी तीच, प्रोग्राम चालू राहिला. बाप आणि मुलगा यांची जागा राज्याने घेतली आणि मुद्रा घराण्याची होती ती सगळ्यांची झाली. तुमच्या सातबाऱ्यावर, जातीच्या दाखल्यावर ती समई आहे, मोबाइलवर फोटो काढला असेल तर झूम करून बघा.

गाडीवर स्टिकर लावणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण दोन्हींतला फरक किती जणांना माहीत असतो? एक आहे राजाची, एक आहे आपली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी परत गावाकडे आलो. म्हणजे मनाने. शरीर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच होतं.

जयसिंगपूर हे नाव ऐकून बाहेरच्या माणसाला ते राजस्थानातलं वाटतं. पुण्यात मला तीन जणांनी विचारलंय, जयपूरजवळ का? तर नाही. कोल्हापूर ते मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. या मार्गावर एक स्टेशन होतं, शिरोळ रोड. शिरोळला जायचं तर इथे उतरा, एवढीच त्याची ओळख. स्टेशन होतं, गाव नव्हतं. शाहू महाराजांनी तिथे १९१७ च्या सुमाराला व्यापारपेठ वसवली. त्याआधी १८९५ मध्ये कोल्हापुरात गुळासाठी शाहूपुरी वसवली होतीच. इथे शेंगा आणि तंबाखूचा व्यापार वाढला. गाव कागदावर आधी आखलं, मग जमिनीवर उतरवलं. सरळ रुंद रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, आणि गल्ल्यांना नंबर. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी. आमचं घर आठवीत. जुन्या गावांत गल्ल्यांना जातींची, आडनावांची नावं असतात, अमुक गल्ली, तमुक आळी. पत्ता विचारला की माणूस कोण ते कळतं. आमच्याकडे पत्ता विचारला तर आकडा कळतो. हे मुद्दाम असंच केलं होतं का, की सोयीचं म्हणून झालं, याच्यावर आमच्या ग्रुपमध्ये वेगळा वाद चालू आहे. पण ज्या राजाने १९०२ मध्ये मागासवर्गीयांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच्या गावात गल्लीला जात नाही, आकडा आहे, हे मला तरी आवडतं.

आणि नाव? जयसिंग म्हणजे जयसिंगराव घाटगे, कागलचे. शाहू महाराजांचे जन्मदाते वडील. महाराजांचं जन्मनाव यशवंतराव, जन्म २६ जून १८७४ चा. १७ मार्च १८८४ ला चौथ्या शिवाजी महाराजांच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतलं, ते घाटग्यांचे भोसले झाले. नऊ वर्षांचं पोर. जयसिंगराव तेव्हा कोल्हापूरचे रीजंट होते, म्हणजे कारभार तेच बघत होते. १८८६ मध्ये ते वारले. महाराज तेव्हा बारा वर्षांचेही नव्हते. आई त्याआधीच गेलेली.

आता शिक्क्याचा हिशोब लावा. दत्तक गेल्यावर कागदोपत्री बाप बदलतो. वंशावळीत, मुद्रेत, श्राद्धात, सगळीकडे नवा बाप. कोल्हापूरच्या गादीच्या कुठल्याही शिक्क्यावर जयसिंगराव घाटग्यांचं नाव यायला जागाच नाही. नियमच तसा. आणि मग तो मुलगा चाळिशी ओलांडल्यावर एका माळावर गाव वसवतो आणि त्याला त्या बापाचं नाव देतो. राधानगरीला मुलीचं दिलं, राधाबाईंचं. तिथल्या धरणाच्या तलावाला राणीचं, लक्ष्मीबाईंचं. बापासाठी आमचं गाव.

महाराजांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण रेल्वेचं तिकीट, पोस्टाचा शिक्का, मालाची पावती, बाजारभावाचा बोर्ड, या सगळ्यांवर गेली शंभर वर्षं रोज ते नाव उमटतंय. राजवाड्यातल्या मुद्रेला जे जमलं नसतं ते तंबाखूच्या पोत्यावरच्या शाईने केलं.

आणि 'आम्ही इथले मूळचे नव्हं' म्हणणारा आमचा तो मित्र. त्याचे पणजोबा व्यापाराला आले, माझे पणजोबा हमालीला. दुसऱ्या एकाचे रेल्वेत होते. जैन, लिंगायत, मराठा, मुसलमान, मारवाडी, दलित, जो तो कुठून ना कुठून आला. गाव वसवलेलं म्हटल्यावर सगळेच पाहुणे, किंवा कुणीच नाही.

मी हे सगळं ग्रुपवर व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. अकरा मिनिटांची व्हॉइस नोट. दोघांनी ऐकली. (हा पॉडकास्ट का सुरू केला ते आता कळलं असेल.)

मग नव्याने चर्चा. तंबाखूचं पान टाकायचं का? इतिहास म्हणून बरोबर, पण क्रिकेटच्या जर्सीवर तंबाखू म्हणजे बायकांचे, आयांचे फोन येणार. ऊस टाकायचा का? दरवर्षी ऊस परिषद आमच्याच विक्रमसिंह मैदानावर भरते, छातीवर लाल बिल्ले लावून माणसं येतात, तेव्हा तोही आमचाच. पण ऊस काय, सगळ्या जिल्ह्याचा. कारखाना नाही असा तालुका सापडत नाही. रेल्वे इंजिन एका पक्षाचं होतं. शेवटी 'माझ्या आज्ज्याला पण' वाल्यानेच सुचवलं, "गल्ल्याच काढ की. नुसत्या रेघा."

तर आता लोगो असा आहे. एक चौकोन, आत उभ्या-आडव्या सरळ रेघा, एका कडेने तिरकी जाणारी दुहेरी रेघ म्हणजे रेल्वे. पांढऱ्यावर गडद निळा, तो धातू-रंगाचा नियम पाळून. प्रत्येकाच्या पाठीवर जो नंबर आहे तो त्याच्या घराच्या गल्लीचा. त्यामुळे आठ नंबरचे तीन खेळाडू झालेत आणि अंपायर वैतागणार आहे. इचलकरंजीत प्रिंटिंगला दिलंय, शुक्रवारी मिळतील.

आज्ज्याला दाखवला का विचारलं. मित्र म्हणाला, दाखवला. आजोबांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला आणि एका रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ही आपली गल्ली एवढी आखूड नाही."

ते दुरुस्त करायचं राहिलंय. भेटू पुढच्या भागात.